पाळणाघरात शांत, घरी आल्यावर रडारड: ऑटिझम आणि अंदाज बांधणारा मेंदू

"आमच्याकडे तर एकदम शांत असतो हो, तुम्ही घरी जास्त लाड करता का?" ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या लहान मुलांच्या आईबाबांना पाळणाघरात हे वाक्य इतक्या वेळा ऐकावं लागतं की यावर नीट लिहायलाच हवं. बोलणाऱ्या ताईंच्या मनात वाईट काही नसतं, त्यांना तो दिवसभर खरंच शांत दिसलेला असतो. पण शांत दिसणारं मूल निवांत असतंच असं नाही, बरीच मुलं दिवसभर सगळं कसंबसं सहन करतात आणि हक्काचं माणूस समोर आलं की मग त्यांचा बांध फुटतो. याला हट्ट म्हणणं चूक आहे, आणि ते का चूक आहे हे मेंदूत काय चालतं ते बघितलं की कळतं.

आपला मेंदू डोळ्या-कानांकडून येणारं सगळं जसंच्या तसं घेत बसत नाही. पुढच्या क्षणी काय येणार याचा तो आधीच अंदाज बांधतो, आणि आलेला सिग्नल त्या अंदाजाशी ताडून बघतो. जुळलं तर विषय संपला, नाही जुळलं तर फक्त फरक तेवढा पुढे पाठवतो. याला प्रेडिक्टिव्ह कोडिंग म्हणतात. पंख्याची घरघर थोड्या वेळाने ऐकू येईनाशी होते, अंगातला शर्ट जाणवत नाही, त्यात या यंत्रणेचा हात असतो असं मानतात.

२०१२ मध्ये लिझ पेलिकानो आणि डेव्हिड बर या संशोधकांनी एक कल्पना मांडली, की ऑटिझममध्ये हे आधीचे अंदाज कमकुवत असतात, त्यामुळे जग जास्तच थेट, जास्तच कच्चं अंगावर येतं. मग २०१४ मध्ये सँडर व्हॅन दे क्रुइस आणि सहकाऱ्यांनी वेगळंच म्हटलं, अंदाज नीट बांधले जातात, पण चुकलेल्या अंदाजाला किती वजन द्यायचं ते ठरवणारी व्यवस्था लवचिक नसते. म्हणजे असं की साधारण मेंदू काही फरक 'असू दे, किरकोळ आहे' म्हणून सोडून देतो आणि काहींनाच महत्त्व देतो, तर इथे प्रत्येक फरकाला सारखंच आणि भरपूर वजन मिळतं, मग शिकलेला नियम फार काटेकोर बनतो आणि जरा काही बदललं की मोडतो. दोन्ही अजून गृहीतकंच आहेत, सगळे प्रयोग एका बाजूने बोलत नाहीत. मला दुसरं जास्त पटतं, कारण त्यात रुटीनचा आग्रह आणि आवाजाचा त्रास दोन्ही एकाच धाग्यात येतात.

सवय होण्याबद्दल मात्र थेट मोजमाप आहे. २०१५ च्या एका अभ्यासात ऑटिस्टिक मुलांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये त्रासदायक आवाज आणि खरखरीत स्पर्श पुन्हा पुन्हा दिले, तेव्हा ज्यांना अशा गोष्टींचा जास्त त्रास होतो त्यांच्या अमिग्डालाचा प्रतिसाद इतरांसारखा ओसरला नाही. अमिग्डाला म्हणजे मेंदूतला धोका ओळखणारा भाग. आता पाळणाघर डोळ्यासमोर आणा, वीस मुलांचा गलका, खुर्च्या सरकवल्याचा आवाज, मधेच कुणीतरी रडतंय, आणि सकाळी जेवढं टोचलं तेवढंच दुपारीही टोचतंय. "होईल हळूहळू सवय" हा सल्ला इथे चालत नाही तो यामुळे.

हात फडफडवणं, डोलणं, गोल फिरणं हेही याच नजरेने बघा. स्वतःच केलेल्या हालचालीतून येणारी संवेदना मेंदूला आधीच माहीत असते, तिच्यात धक्का नसतो. ऑटिस्टिक प्रौढ स्वतः सांगतात की याने शांत वाटतं. मग इजा होत नसेल तर हात धरून थांबवायचं कशाला? तेवढाच तर आधार असतो त्या मुलाला.

काय करायचं तेही यातूनच निघतं. दिवसाचा क्रम चित्रांच्या कार्डांवर लावा, कारण बोललेला शब्द हवेत विरतो पण चित्र जागेवर राहतं, पाहिजे तितक्या वेळा बघता येतं. खेळ थांबवायच्या आधी सांगा, 'आधी हे, मग ते' दाखवा. बदल होणारच असेल, उद्या दुसऱ्या ताई येणार असतील, तर त्यांचा फोटो आदल्या दिवशी दाखवा. एक शांत कोपरा ठेवा आणि तो शिक्षेसाठी कधीही वापरू नका. चित्रांनी मागायला शिकलं तर बोलणं मागे पडेल ही भीती मनातून काढा, उपलब्ध अभ्यासांत तसं काही दिसलेलं नाही.

आता कुटुंबाबद्दल. विसाव्या शतकाच्या मध्यात आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो असं डॉक्टरच म्हणायचे, किती आयांनी ते आयुष्यभर छातीवर वाहिलं असेल. १९७७ मध्ये सुसान फोलस्टीन आणि मायकेल रटर या संशोधकांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवला. लसीशी ऑटिझमचा संबंध जोडणारा १९९८ चा पेपर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तरी आजही कुणी ग्रहदशा सांगतं, कुणी शरीरातले धातू काढायची औषधं विकतं, कुणी चक्क क्लोरीन डायऑक्साइड म्हणजे ब्लीच पाजायला सांगतं. हे विष आहे, आणि थकलेल्या आईबाबांना असलं विकणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो.

संध्याकाळी "छान होता" एवढंच सांगून काही कळत नाही. नेमकं काय झालं ते सांगा, जेवणाआधी आवाज वाढला तेव्हा कान झाकले, नंतर कोपऱ्यात बसला, मग बरा वाटला. घरी कशाने शांत होतो हे आईबाबांना विचारा, तेच पाळणाघरातही करा. घरी पोचल्यावर लगेच प्रश्न, पाहुणे, बाजार नको, थोडा वेळ नुसता सोडा. आणि निदानाचा कागद यायची वाट बघू नका, कारण यातलं काहीही ऑटिझम नसलेल्या मुलाला अपाय करत नाही. निदान करणं ताईंचं काम नाही, पण हाक मारली तरी बघत नाही, दीड वर्षाचं झालं तरी बोटाने काही दाखवत नाही, असं दिसलं तर आईबाबांना एकांतात सांगा आणि कानांची तपासणीही करून घ्यायला सुचवा. येत असलेले शब्द गेले तर मात्र थांबू नका, कुठल्याही वयात असो, लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्यायला सांगा.