लेबर कोर्टात वकिलाला परवानगी का लागते?

नोकरीवरून काढल्याची तक्रार घेऊन इंदूरच्या लेबर कोर्टात पहिल्यांदा गेलेल्या माणसाला एक गोष्ट चक्रावून टाकते. वकीलपत्रावर सही झाली, फी भरली, तरी वकिलाला उभं राहू देतीलच असं नाही. मालकाने हरकत घेतली की वकील बाहेर. चोरीपासून खुनापर्यंतच्या खटल्यांत वकील चालतो, मग इथे अडवणूक का?

याचं मूळ गिरण्यांच्या काळात आहे. 1 एप्रिल 1947 पासून लागू झालेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 36 ने समेट अधिकाऱ्यासमोर (म्हणजे कोर्टाआधी दोन्ही पक्षांत तडजोड घडवू पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर) वकिलांना पूर्ण बंदी घातली. लेबर कोर्टात दोन अटी घातल्या: समोरच्या पक्षाची संमती आणि कोर्टाची परवानगी. दोन्ही हव्यात, एक असून भागत नाही. मालकाला नामांकित बॅरिस्टर परवडतो, साच्यावरच्या कामगाराला परवडत नाही, तेव्हा दोघांनाही नको, असा तो हिशेब होता. कामगाराच्या वतीने नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी बोलेल, तो युनियनमध्ये नसेल तर त्याच उद्योगातला दुसरा कामगारही चालेल, असं त्यात गृहीत होतं.

इंदूरमध्ये ते गृहीतक खरं होतं. मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, भंडारी या गिरण्यांच्या फाटकावर युनियनचा माणूस हमखास भेटायचा. इंटक या काँग्रेसप्रणीत कामगार संघटनेचे व्यं. वि. द्रविड पुढे राज्याचे श्रममंत्री झाले. कामगारांच्या पाठिंब्यावर होमी दाजी 1962 मध्ये इंदूरहून लोकसभेत गेले. राजधानी भोपाळला असूनही श्रमायुक्तांचं मुख्यालय आजही इंदुरात आहे, तो त्याच काळाचा वारसा म्हणायला हरकत नाही.

इथल्या गिरण्यांना आणखी एक कायदा लागू होता. मध्य भारत राज्याने मुंबईचा 1946 चा औद्योगिक संबंध कायदा जवळपास जसाच्या तसा उचलला आणि 1960 मध्ये मध्य प्रदेशने त्याच धर्तीवर स्वतःचा केला. त्यात 'प्रातिनिधिक युनियन' ही कल्पना होती, म्हणजे त्या उद्योगातल्या सगळ्या कामगारांच्या वतीने बोलणारी एकच मान्य युनियन. मूळ मुंबई कायद्यावरच्या गुजरातमधल्या एका गिरणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये सांगितलं की अशी युनियन प्रकरणात उतरली की कामगाराला वेगळं बोलता येत नाही, युनियनची भूमिका त्याला पटलेली नसली तरीही. म्हणजे वकील तर नाहीच, स्वतःचं तोंडही नाही. सौदा करायला एकी लागते हे खरं, पण किंमत मोठी होती.

बंदीला पळवाट लवकरच सापडली. ट्रेड युनियन कायदा बाहेरच्या माणसांना पदाधिकारी होऊ देत होता, म्हणून वकील युनियनचे उपाध्यक्ष झाले आणि मालकांचे वकील मालक-संघटनांचे पदाधिकारी. 1976 मध्ये पारादीप बंदराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं: पदाधिकारी म्हणून येणाऱ्याला संमती लागत नाही, मग त्याच्याकडे सनद असो वा नसो. वकिलांना सगळ्या न्यायालयांत काम चालवण्याचा हक्क देणारं ॲडव्होकेट्स कायद्याचं कलम 30 हे 15 जून 2011 रोजी लागू झाल्यावर वाद पुन्हा निघाला आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोठ्या पीठाकडे सोपवला.

दरम्यान गिरण्या संपल्या. हुकुमचंद मिल 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडून अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याची प्रक्रिया सुरू झाली. अशा प्रकरणात कामगारांचं ऐकावंच लागेल, हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच दिला होता आणि 1985 च्या दुरुस्तीने त्यांची थकबाकी बँकांच्या तारण कर्जाच्या बरोबरीला आणली होती. तरीही सुमारे 224 कोटींचा धनादेश अवसायक आणि युनियनच्या पुढाऱ्यांच्या हाती पडायला 25 डिसेंबर 2023 उजाडलं. इतकी वर्षं दावा टिकला तो युनियन टिकली म्हणून. एकट्यादुकट्याची फाईल केव्हाच बंद झाली असती.

आता शोरूममधल्या किंवा गोदामातल्या माणसाच्या मागे युनियन नाही, बंदी मात्र जागेवर आहे. मालकाचा पगारी अधिकारी कायदा शिकलेला असतो आणि त्याला कुणाची संमती लागत नाही. बरोबरीसाठी केलेला नियम अशा वेळी एकाच बाजूला झुकतो.

म्हणून काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. समेटाचा अर्ज स्वतःच्या नावाने द्यावा. नेमणूकपत्र, शेवटची पगारचिठ्ठी आणि काढल्याचा आदेश जोडावा. पोचशिक्क्याची प्रत हवीच, कारण समेट झाला नाही तर अर्जाच्या तारखेपासून 45 दिवसांनी थेट दावा लावता येतो. थेट दाव्याची ही वाट 2010 मध्ये उघडली, तेव्हा तो लावायची मुदत कामावरून काढल्यापासून 3 वर्षं होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती 2 वर्षांवर आली, वकिलांबाबतचा नियम मात्र तसाच राहिला.

खरी चूक पहिल्या पेशीला होते (इंदूरकर तारखेला पेशीच म्हणतात). मालकाच्या वकिलाने जबाब दाखल केला, दोन-तीन पेश्या गप्प गेल्या, की संमती होती असंच धरलं जाण्याचा धोका असतो. हरकत घ्यायची तर पहिल्याच दिवशी आणि लेखी. पण मालक मग तुमच्या वकिलालाही संमती देणार नाही. युनियनचा उलटतपासणीत मुरलेला माणूस हाताशी असेल तरच हरकत घ्यावी, नाहीतर दोन्हीकडे वकील राहू देणं कामगाराच्याच फायद्याचं असतं.

पैशाची अडचण असेल तर 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. मात्र सरकारने दिलेल्या त्या वकिलालाही लेबर कोर्टात मालकाची संमती लागतेच.