मुरानोची बिलोरी काच : पार्श्वभूमी

नितळ, चांगल्या काचेला मराठीत आपण 'बिलोरी' म्हणतो. बिल्लोर म्हणजे स्फटिक. खाणीतून निघणाऱ्या स्फटिकाइतकी स्वच्छ ती बिलोरी काच, तसाच बिलोरी आरसा, तशाच बिलोरी हंड्या. पंधराव्या शतकाच्या मध्यावर व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर अँजेलो बारोव्हिएर या भट्टीवाल्याने जवळपास बिनरंगी काच काढली, तेव्हा तिथल्या लोकांनाही हीच उपमा सुचली. त्यांनी तिला नाव दिलं 'क्रिस्ताल्लो'. तोवरची तिथली काच सहसा अशी नसायची. वाळूत थोडंफार लोह असतं आणि तेवढ्यानेही काचेवर हिरवट-पिवळट झाक चढते.

मुरानो व्हेनिसच्या उत्तरेला, उथळ खाडीत, दीडेक किलोमीटरवर आहे. काचेचा धंदा मात्र मुळात व्हेनिस शहरातला. ९८२ सालच्या एका दस्तऐवजात दोमेनिको नावाच्या माणसापुढे 'फिओलारियो', म्हणजे बाटल्या करणारा, असा शब्द आहे. व्हेनिसमधल्या काचकामाचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा मानतात. १२७१ मध्ये या कारागिरांच्या संघाची नियमावली झाली. १२९१ मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने हुकूम काढला की शहरातल्या काचेच्या भट्ट्या मोडून मुरानोला न्याव्यात. कारण सांगितलं गेलं आगीचं. ते खोटं नव्हतं, तेव्हाच्या शहरात लाकडी बांधकाम भरपूर होतं. शिवाय मुरानोवर आधीपासून काही भट्ट्या होत्याच. पण पुढची पाचशे वर्षं सरकार ज्या तऱ्हेने वागलं ते पाहता दुसरा फायदाही त्यांच्या लवकरच ध्यानात आला असणार. सगळे कारागीर एका बेटावर असले, की त्यांच्यावर नजर ठेवायला वेगळा पहारा लागत नाही.

गंमत म्हणजे काच करायला लागणारं व्हेनिसकडे स्वतःचं जवळजवळ काहीच नव्हतं. वाळूऐवजी वापरायचे ते पांढरे गोटे तिचिनो नदीच्या पात्रातून यायचे. वनस्पती जाळून केलेली क्षाराची राख सिरिया आणि इजिप्तकडून. जळाऊ लाकूड मुख्य भूमीवरच्या जंगलांतून. कसबसुद्धा बरंचसं पूर्वेकडच्या भूमध्य किनाऱ्यावरून आलेलं. १२७७ मध्ये अँटिऑकच्या संस्थानिकाशी केलेल्या करारात फुटक्या काचेच्या मालावरच्या जकातीचाही उल्लेख आहे; काचेचे तुकडे वितळवून पुन्हा वापरता येतात, म्हणून भंगारालाही भाव होता. व्हेनिसकडे जहाजं होती, गिऱ्हाइकं होती, आणि नियम करायची दांडगी हौस होती.

बारोव्हिएरची करामत राखेत होती. राख पाण्यात उकळायची, गाळायची, पाणी आटवायचं आणि खाली उरलेला पांढरा क्षार वापरायचा. त्यात मोजकं मँगनीज घातलं, की लोहाचा हिरवेपणा मारला जायचा. प्रमाण जरा जास्त झालं तर काच जांभळट व्हायची. या शुद्धीकरणाची एक किंमत होती. राखेतल्या मळाबरोबर चुनाही निघून जायचा, आणि काचेला पाण्या-हवेपासून टिकवतो तो चुनाच. म्हणून जुन्या क्रिस्ताल्लोच्या काही भांड्यांवर आज बारीक तड्यांचं जाळं दिसतं, पृष्ठभाग दमट होतो. संग्रहालयवाले याला काचेचा आजार म्हणतात. अतिशुद्धपणाचा आजार, म्हणा हवं तर.

याच काळात 'लात्तिमो' आली, म्हणजे दुधी काच. लात्ते म्हणजे दूध. कथिल आणि शिसं यांची भस्मं घालून ती अपारदर्शक करत. युरोपात चिनी मातीची भांडी तेव्हा दुर्मीळ होती आणि ती करायची रीत कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून काचेतच तिची नक्कल झाली. हीच दुधी काच पुढे सगळ्या नक्षीकामाचा कच्चा माल ठरली.

मुरानोची कलाकुसर तशीच का दिसते, बारीक, वळणदार, हलकी, याचं उत्तर कलेपेक्षा रसायनात सापडतं. सोड्याची काच हळूहळू घट्ट होते. साखरेचा पाक ज्याने केला आहे त्याला हे लगेच कळेल: एका टप्प्यावर तार ओढता येते, गोळी वळते, आणि तो टप्पा टळला की चमचाही हलत नाही. मुरानोच्या काचेत तो मधला टप्पा लांब असतो. तेवढ्या वेळात ती ओढा, मुरडा, चिमटा. बोहेमियातली, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातली, काच पोटॅश आणि चुन्याची. ती जाड आणि कडक, म्हणून तिथे चाकावर घासून कोरीव काम बहरलं. हा फरक निव्वळ आवडीनिवडीचा नव्हता.

भट्टीवरच्या टोळीला 'पियात्सा' म्हणतात. मुख्य उस्ताद तो 'माएस्त्रो'. त्याच्या हाताखाली 'सेर्व्हेंते', त्याच्या खाली 'सेर्व्हेंतीनो', आणि सगळ्यात धाकटं पोर 'गार्झोने'. उस्ताद दोन आडव्या दांड्यांच्या बाकावर बसतो. लोखंडी फुंकनळी त्या दांड्यांवर डाव्या तळव्याने सतत मागेपुढे फिरवत राहतो, कारण फिरवणं थांबलं की मऊ गोळा ओघळतो. उजव्या हातात चिमटा, तोच 'बोर्सेल्ला'. बोलणं फारसं नसतंच. उस्तादाने मान उचलली की मदतनीस नळीच्या टोकाला फुंकतो, पुन्हा हलवली की थांबतो. गोळा निवायला लागला की परत भट्टीच्या तोंडाशी. तिथलं तापमान हजार अंशांच्या वर. तयार झालेली वस्तू उघड्यावर ठेवली तर आतबाहेर वेगवेगळ्या गतीने निवून तडकते, म्हणून ती दुसऱ्या, कमी तापाच्या भट्टीत ठेवून हळूहळू थंड करतात.

आता फिलिग्राना, म्हणजे काचेच्या आत धागे गुंफायची तऱ्हा. १५२७ मध्ये फिलिप्पो आणि बेर्नार्दो सेरेना या भावांनी या तऱ्हेच्या एका कामासाठी हक्क मागितला, तेव्हापासून तिची नोंद आहे. दुधी काचेचा गोळा पारदर्शक काचेत बुडवायचा. एका माणसाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, आणि दोघांनी पाठमोरं चालत जायचं. मधला गोळा ताणत ताणत पेन्सिलीएवढी बारीक कांडी होते, आत पांढरी रेघ तशीच शाबूत. ओढताना पीळ दिला तर आतल्या रेघाही पिळल्या जातात. त्या प्रकाराला पुढे 'झानफिरिको' नाव पडलं, एकोणिसाव्या शतकातल्या सांक्विरिको या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यावरून. थंड कांड्या सारख्या लांबीने तोडायच्या, एका तव्यावर शेजारी शेजारी मांडायच्या, तापवून एकजीव करायच्या, आणि ती चटई नळीच्या टोकाभोवती गुंडाळून तोंड मिटवायचं. मग फुंकायचं. पेल्यावर दिसणाऱ्या त्या धाग्यांना ब्रश लागलेलाच नसतो, ते भिंतीच्या आत असतात.

'रेतिचेल्लो' यापुढची पायरी. एका फुग्यात रेघा डावीकडे तिरप्या, दुसऱ्यात उजवीकडे, आणि एक फुगा दुसऱ्याच्या आत फुंकून चिकटवायचा. रेघा एकमेकींना छेदून जाळी होते आणि जाळीच्या प्रत्येक घरात हवेचा एक टाचणीएवढा बुडबुडा अडकतो. प्रत्येकात एक, सारख्या आकाराचा. मला विचाराल तर मुरानोचा खरा कस इथे आहे, दुकानांच्या काचेआड दिसणाऱ्या रंगीत विदूषकांत नाही.

मुरीना समजायला अळूवडी पुरे. वळकटी कुठेही कापा, प्रत्येक चकतीत तेच वेटोळं. तशी रंगीत थरांची जाड कांडी रचायची, ती ओढून बारीक करायची आणि चकत्या पाडायच्या. प्रत्येक चकतीत तेच फूल, फक्त मूळ रचनेपेक्षा कितीतरी लहान. ही युक्ती रोमन काळातली. मुरानोवर ती एकोणिसाव्या शतकात पुन्हा जिवंत झाली, आणि जाकोमो फ्रांकिनीने तर नखाएवढ्या चकतीत गारिबाल्दी आणि काव्हूर या इटलीच्या पुढाऱ्यांचे चेहरे उतरवले.

या धंद्याचं चित्र पुरुषी असलं तरी मण्यांची गोष्ट बायकांशिवाय पुरी होत नाही. अँजेलो बारोव्हिएरची मुलगी मारिएत्ता हिला १४८७ मध्ये स्वतःची छोटी भट्टी चालवायची परवानगी मिळाली. बारा टोकांच्या चांदणीचा, लाल-निळ्या-पांढऱ्या थरांचा 'रोझेत्ता' मणी तिच्या नावावर सांगतात. पुढे साध्या बारीक मण्यांचा उद्योग प्रचंड वाढला. ते ओवायचं काम व्हेनिसच्या गरीब वस्तीतल्या 'इंपिरारेस्से' करायच्या. दारात खुर्ची, मांडीवर मण्यांनी भरलेलं लाकडी सूप, आणि हातात पंख्यासारख्या धरलेल्या कित्येक लांब सुया. त्या सुया मण्यांतून खुपसत न्यायच्या, की मणी आपोआप चढायचे. मजुरी तुटपुंजी. हेच मणी जहाजांतून आफ्रिकेत जाऊन हस्तिदंत, सोनं आणि माणसांच्या खरेदीत चलन म्हणून वापरले गेले. काचेच्या मण्यांच्या कलेला इटली आणि फ्रान्सच्या नावाने २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली. त्या आनंदात ही बाजू सहसा कुणी काढत नाही.

गुपित राखायचे नियम कडक होते. परवानगीशिवाय कारागिराने प्रजासत्ताकाबाहेर जाऊन काम करणं गुन्हा. बदल्यात मान मोठा. भट्टीवाल्याच्या मुलीने उमरावाशी लग्न केलं तरी मुलांचं उमरावपण जात नसे, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरानोच्या जुन्या घराण्यांची स्वतंत्र 'सोनेरी वही' सुरू झाली. तरी माणसं पळायचीच. जाकोपो व्हेर्झेलिनी अँटवर्पमार्गे लंडनला पोचला आणि १५७५ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीकडून व्हेनिसच्या तऱ्हेचे पेले करायचा २१ वर्षांचा मक्ता मिळवला. १६१२ मध्ये आंतोनियो नेरी या फ्लॉरेन्सच्या पाद्र्याने काचकृतींचं पुस्तकच छापलं. क्रिस्ताल्लो, रंग, नकली रत्नं, सगळं त्यात होतं. व्हेनिसने पाचशे कायदे केले असते तरी छापखान्यापुढे त्यांचं काय चालणार!

सर्वांत मोठी गळती आरशांची. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६५ च्या सुमारास मुरानोचे आरसेवाले पैसे देऊन पॅरिसला फोडून नेले. व्हेनिसच्या राजदूताने त्यांना परत वळवायची खटपट केली. पुढे त्यांतले दोघे थोड्या दिवसांच्या अंतराने मेले आणि विषप्रयोगाची कुजबुज झाली. तोवर फ्रेंच लोक काम शिकले होते. १६८४ मध्ये पूर्ण झालेल्या व्हर्सायच्या आरसेमहालात ३५७ आरसे बसवले, ते फ्रान्समध्येच केलेले. आपल्याकडे नव्या इमारतींच्या खिडक्यांवर जिचं नाव वाचतो, ती सेंट-गोबेन कंपनी त्याच १६६५ च्या सरकारी कारखान्याची वारस.

त्यानंतर उतारच. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ मध्ये शिशाच्या काचेचा हक्क घेतला. ती जड आणि लखलखीत होती. दुसरीकडे बोहेमियाची कोरीव काच दरबारादरबारांत शिरली. मुरानोच्या ज्युझेप्पे ब्रियातीने अठराव्या शतकात बोहेमियाच्या तऱ्हेची काच करून पाहिली. त्याचं नाव मात्र काचेची पानं-फुलं लगडलेल्या झुंबरांमुळे राहिलं. व्हेनिसच्या रेझ्झोनिको वाड्यात तसलं एक झुंबर आहे. १७९७ मध्ये नेपोलियनपुढे प्रजासत्ताक कोसळलं, १८०६ मध्ये कारागिरांचे संघ बरखास्त झाले, मग ऑस्ट्रियाच्या राज्यात जकातींचा भार. बऱ्याच भट्ट्या विझल्या, मण्यांवर थोडेफार जगले. तांब्याच्या चमचमत्या कणांची 'आव्हेंतुरिना' काच करणं तर विस्मरणात गेलं होतं. १८२० च्या दशकात पिएत्रो बिगाल्या याने ते पुन्हा जमवलं.

पुनरुज्जीवन करणारे दोघेही काच फुंकणारे नव्हते. व्हिंचेन्झो झानेत्ती हा मुरानोचाच पाद्री. त्याने १८६१ मध्ये संग्रहालय उभं केलं आणि जोडीला शाळा काढली. पोरांनी जुने पेले समोर ठेवून रेखाटावेत, मग भट्टीवर करावेत. आंतोनियो साल्व्हियाती विचेन्झाचा वकील. त्याने इंग्रज भांडवल आणलं, आणि त्या भांडवलदारांत प्राचीन निनेवे शहर खणून काढणारा ऑस्टिन हेन्री लेयर्ड होता. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात साल्व्हियातीच्या मालाने नाव काढलं. विसाव्या शतकात पुन्हा एक वकील, मिलानचा पाओलो व्हेनिनी. १९२१ मध्ये तो या धंद्यात आला आणि त्याने बाहेरचे कलाकार, वास्तुकार भट्टीवर आणले. कार्लो स्कार्पा त्यांतलाच. १९४८ च्या सुमाराची, फुल्व्हियो बियांकोनीच्या नावाशी जोडलेली रुमालाच्या आकाराची फुलदाणी आजही नकला करणाऱ्यांची आवडती.

आणि १९७९ मध्ये लीनो ताल्यापिएत्रा अमेरिकेला गेला. बेटावर जन्मलेला, लहानपणी भट्टीवर लागलेला, विशी ओलांडताच उस्ताद झालेला माणूस. सिॲटलजवळच्या पिलचक शाळेत त्याने येईल त्याला शिकवलं: कांड्या कशा ओढायच्या, जाळी कशी बसवायची, सगळं. मुरानोवर अनेकांनी त्याला घरभेदी ठरवलं. पण त्याआधीच, १९६८ मध्ये, डेल चिहुली हा अमेरिकन तरुण व्हेनिनीच्या भट्टीवर येऊन टोळीने काम कसं चालतं ते पाहून गेला होता, आणि पिलचक शाळा काढणाऱ्यांत तोच होता. ताल्यापिएत्राचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटतं: कसब बेटावरच कोंडलं, तर ते बेटावरच मरेल.

आज प्रश्न गुपिताचा नाही, नकलेचा आणि गॅसचा आहे. व्हेनिसमधल्या दुकानांत 'मुरानो' म्हणून विकला जाणारा बराच माल बाहेरदेशातून येतो. म्हणून व्हेनेतो प्रांताने १९९४ मध्ये कायदा करून 'व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो' हे चिन्ह आणलं. ते फक्त बेटावर केलेल्या वस्तूला लागतं. गॅसचं दुखणं जास्त अवघड. या भट्ट्या दिवसरात्र पेटत्या ठेवाव्या लागतात, सुट्टी एरवी फक्त ऑगस्टमध्ये. २०२१ च्या शरदात गॅसचे दर कित्येक पटींनी चढले आणि काहींनी भट्ट्या थांबवल्या. भट्टी थांबवणं म्हणजे बटण दाबणं नव्हे. आतली मातीची मूस निवताना तडकू शकते. तडकली की नवी बसवायची, ती दिवसचे दिवस हळूहळू तापवायची, आणि तोवर पियात्सातल्या चौघांनी हाताची घडी घालून बसायचं.