ग्रामीण विदर्भातील स्त्रीलिखित कथात्म साहित्य : स्त्रीवाद आणि निवेदनपद्धती

बाईचे जगणे कोण सांगते, कोणत्या बोलीत सांगते आणि कोणाला सांगते, या तीन प्रश्नांभोवती विदर्भाच्या खेड्यांतून आलेले स्त्रियांचे कथालेखन फिरत राहते. विदर्भाच्या ११ जिल्ह्यांत भाषेचे आणि शेतीचे दोन ठळक पट्टे आहेत : पश्चिमेकडचा कापूस-सोयाबीनचा वऱ्हाड आणि पूर्वेकडची धानाची झाडीपट्टी. मराठीत स्त्रीवादी समीक्षेने १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर जोर धरला. मात्र तिची उदाहरणे बहुतेक पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय लेखिकांची राहिली. नायिका उंबरठा ओलांडून घराबाहेर पडते, हा त्या लेखनातला मोलाचा क्षण मानला गेला. कापूसपट्ट्यातल्या बाईच्या नावावर घर नसते, वावर नसते, माहेरी भावजयीचा कारभार असतो. तिने उंबरठा ओलांडून जायचे कुठे? शिवाय निंदणाला, वेचणीला ती रोजच घराबाहेर असते. त्यामुळे इथल्या कथेत स्त्रीवाद शोधायचा तर घटनांपेक्षा निवेदनाकडे पाहावे लागते. घटना पुष्कळदा काहीच घडत नाही. सांगणाऱ्या बाईचा सूर मात्र बदललेला असतो.

या सांगण्याची मुळे छापील साहित्याच्या फार मागे जातात. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदंबेने ‘धवळे’ (लग्नगीते) रचले. पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नाच्या खेळाच्या निमित्ताने रुक्मिणीस्वयंवराची कथा तिने लग्नगीतांच्या चालीवर सांगितली. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. तिने लांब आख्यान बायकांच्या गाण्याच्या साच्यात बसवले, याची नोंद त्या मानाने कमी होते. दुसरे मूळ जात्यावरच्या ओव्यांचे. ओवी गाणारी आपले दुःख थेट सांगत नाही. ते ती सीतेच्या, द्रौपदीच्या, नाहीतर शेजारणीच्या नावावर घालते. हा आडपडदा भित्रेपणाचा नव्हे. सासू शेजारच्या खोलीत निजलेली असताना मनातले बोलायची ती रीत आहे.

तिसरे मूळ भुलाबाईचे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर वऱ्हाडातल्या मुली भुलाबाई-भुलोजी म्हणजे पार्वती-शंकर यांच्या मूर्तींपुढे गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा खेळ होतो. या गाण्यांची एक ठरलेली घडण आहे. सून माहेरी जायची परवानगी मागते, सासू एक अट घालते. ती पुरी झाली की दुसरी, मग तिसरी. वेल लावायचा, मग वेलाला फळ यायची वाट पाहायची, मग भाजी करायची. कधी सासू सासऱ्याकडे बोट दाखवते, सासरा दिराकडे. कथा पुढे सरकते ती फक्त लांबणीवर पडत पडत. आधुनिक कथेच्या मापाने इथे संघर्ष नाही, उत्कर्षबिंदू नाही. पण सत्ता घरात कशी वाटली जाते, हे इतक्या थोडक्यात दाखवणारा दुसरा साचा मराठीत क्वचितच सापडेल. विदर्भातल्या पुढच्या कथालेखनात हाच साचा पुन्हा दिसतो. बाई काहीतरी मागते, उत्तर मिळते ते ‘पाहू’. कापूस विकल्यावर पाहू, पोरीचे लग्न झाल्यावर पाहू, यंदाचे पीक हाती आल्यावर पाहू.

छापील परंपरा बुलढाण्यापासून सुरू होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली, त्यावर वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीला झोडपणारा मजकूर आला आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यातून छापून घेतली. ते पुस्तक निबंधरूप आहे, कथा नव्हे. तरी या नोंदीत त्याला टाळता येत नाही, कारण पुरुष वाचकाला समोर उभे करून ‘तुम्ही’ म्हणत त्याची झडती घेणारा आवाज त्यात आहे. त्या गद्यात वाक्ये लांबलचक पळतात, मध्येच टोमणा येतो, पुराणातला दाखला येतो, लगेच घरगुती शिवी येते. अंगणातले भांडण कागदावर उतरावे तसे ते वाचावे लागते. पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले होते, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले. मधली नव्वदेक वर्षे हा आवाज लेखिकांच्या कानावर पडलाच नाही. म्हणून वैदर्भीय स्त्रीलेखनाची सरळ वंशावळ ताराबाईंपासून काढणारी मांडणी जपूनच स्वीकारावी.

वाशिमला जन्मलेल्या गीता साने यांच्या ‘निखळलेली हिरकणी’पासूनच्या कादंबऱ्या १९३६ पासून आल्या. त्यांतल्या नायिका शिकलेल्या, विवाहसंस्थेशी उघड वाद घालणाऱ्या. विचार धीट आहे, निवेदन मात्र त्या काळच्या कादंबरीचेच. अमरावतीच्या कुसुमावती देशपांडे यांनी ‘दीपकळी’ (१९३४) आणि नंतरच्या संग्रहांत कथानक बाजूला सारून मनःस्थितीला जागा दिली. १९६१ च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या कथेत कष्टकरी बाई येते, पण ती दुसऱ्या, सुशिक्षित नजरेतून.

ही नजर बदलणे हा बोलीचा प्रश्न होता. ग्रामीण साहित्याची जुनी वहिवाट अशी, की पात्रे बोलीत बोलतात आणि निवेदक प्रमाण मराठीत लिहितो. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतली कौतिक ही मराठीतल्या सर्वांत ठसठशीत स्त्रीपात्रांपैकी एक. तिचे वऱ्हाडी संवाद अस्सल आहेत. लेखक पुरुष असूनही बाईचे मन इतके नेमके उतरले, ही गोष्ट स्त्रीवादी वाचनाला आजही अडचणीत टाकते, आणि टाकावी. तरी कौतिकचे जगणे सांगतो तो निवेदक तिच्याहून शिकलेला आहे. प्रतिमा इंगोले यांच्या ‘हजारी बेलपान’ या संग्रहात वऱ्हाडी बोली अवतरणचिन्हांबाहेर येऊन कथा सांगू लागते. फरक लहानशा वाक्यातही कळतो. ‘नवरा कधी गेला हे तिला समजले नाही’ असे निवेदकाने लिहिले, तर बाई अजाण ठरते. ‘मले काय मालूम व बाई, थो कवा गेला तं’ असे तिनेच म्हटले, तर तिला खरोखर ठाऊक नव्हते की ती सांगायचे टाळते आहे, हे वाचकाला ताडावे लागते. न सांगण्याचा हक्क तिच्याकडे परत येतो.

‘व बाई’ या हाकेत ऐकणारीही ठरून जाते. वेचणीच्या वेळी बायका शेजारशेजारच्या पाती, म्हणजे पिकाच्या ओळी, धरून पुढे सरकतात. गोष्ट एका पातीवरून दुसऱ्या पातीवर जाते, मुकादम जवळ आला की थांबते, तो गेला की भलतीकडूनच सुरू होते. बोलीतल्या कथांचा तुटक क्रम, एकच प्रसंग दोघींनी वेगवेगळा सांगणे, मध्येच आलेले ‘असं म्हनतात बापा’ हे सारे या बोलण्यातून आले आहे. काळही तारखांनी मोजला जात नाही. पेरणी, पोळा, पहिली वेचणी, संक्रांत अशा खुणांवर तो चालतो. ही तंत्रे परदेशी कादंबऱ्या वाचून घेतलेली नाहीत. समीक्षेने मात्र ती नेमकी तिकडच्या परिभाषेतच समजावून सांगितली आहेत.

शेतकरी आत्महत्यांच्या काळात या लेखनावर एक विषय लादलाच गेला : मागे राहिलेली बाई. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला मिळणाऱ्या १ लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. त्यात जमिनीची नोंद आणि बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे थकीत कर्ज तपासले जाते. त्यामुळे सातबारा, पंचनामा, दाखला ही कागदपत्रे कथेत शिरली. चांगल्या कथेत ती निवेदनाचाच भाग होतात : सरकारी मराठीतला एक मृत्यू आणि बाईच्या वऱ्हाडीतला दुसरा, एकमेकांशेजारी. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई वावरात जन्मभर राबली तरी कागदावर शेतकरी ठरत नाही. शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवड महिला अधिवेशनानंतर शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि पुरुषांनी आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करावा, असे आवाहन केले. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क देणारी कायदादुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये, देशभर २००५ मध्ये आली. कथेने मात्र कायद्यापेक्षा भावाच्या डोळ्यांकडे जास्त लक्ष दिले, आणि ते बरोबरच आहे. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करण्याचा प्रसंग इथल्या घरांत आवाज न चढता पार पडतो.

याच विषयाने कमकुवत लेखनही पुष्कळ जन्माला घातले. पांढऱ्या कपाळाची, सोशिक, लेकरांकडे पाहून जगणारी विधवा हा साचा बनला. अशा कथेत निवेदक तिच्या वतीने इतका रडतो, की तिला बोलायला जागाच उरत नाही. सोशिकपणाचे कौतुक करणाऱ्या या लेखनाला स्त्रीवादी म्हणण्याची समीक्षेची सवय फसवी आहे.

आंबेडकरी चळवळीतून आलेल्या आवाजाची चाल वेगळी. नागपुरात जुलै १९४२ मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. सभेत उभे राहून बोलण्याचा सराव या स्त्रियांना होता. नागपूरच्या कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) हे आत्मकथन, त्यामुळे कादंबरीच्या कक्षेबाहेरचे. पण दलित मुलीने संस्कृत शिकण्याची त्यातली हकिकत पुढच्या कथालेखनाला उपयोगी पडली. तिथला ‘मी’ पदर आड धरून कुजबुजत नाही, युक्तिवाद करतो. वऱ्हाडी कथेतली कुणबी घरातली सून आणि त्याच शिवारातली बौद्ध मजूर बाई यांच्यात कोणी कोणाला ‘बाई’ म्हणायचे, हा प्रश्न असतो. सगळ्या बायका एकाच पातीवर नसतात.

पूर्वेकडे झाडीबोली बोलणाऱ्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागांत गोष्ट सांगण्याची मुख्य जागा रंगमंच राहिली. दंडार या लोकनाट्यात बायकांची सोंगे परंपरेने पुरुष घेत. झाडीपट्टीच्या नाटकांत स्त्रिया उभ्या राहतात, संहिता मात्र मुख्यतः पुरुषच लिहितात. कथा-कादंबरीत या भागातली स्त्री त्यामुळे उशिरा आणि थोडी आली. धानाच्या रोवणीची गाणी आणि तेंदूपत्त्याच्या हंगामातल्या फडांतली बोलणी अजून कागदावर फारशी उतरलेली नाहीत. उषाकिरण आत्राम यांनी गोंडी जगणे मराठीत आणले, तेव्हा आणखी एक पेच पुढे आला. वऱ्हाडी लेखिका प्रमाण मराठीशी भांडते. गोंड लेखिकेला मराठी हीच परकी, शाळेत शिकलेली भाषा. पात्र गोंडीत विचार करते आणि निवेदन मराठीत चालते, तिथे काही शब्द अर्थ न देता तसेच ठेवले जातात. वाचक अडखळतो, आणि लेखिका त्याला अडखळू देते.