विषय कोणी निवडायचा? शाळेतल्या विद्यार्थी-चर्चांची पार्श्वभूमी

२३ एप्रिल १९५१. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं फार्मव्हिल गाव. तिथल्या मोटन हायस्कूल या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांना फोन आला : तुमची काही मुलं बसस्थानकावर अडचणीत सापडली आहेत. ते धावले. त्यांच्यामागे त्यांच्याच नावाची चिठ्ठी वर्गावर्गात फिरली, सगळ्यांनी सभागृहात जमावं म्हणून. पडदा सरकला तेव्हा मंचावर सोळा वर्षांची बार्बरा जॉन्स आणि तिचे सोबती होते. शिक्षकांना बाहेर जायला सांगून तिनं विषय काढला. सुमारे १८० मुलांसाठी बांधलेल्या शाळेत ४५० हून अधिक मुलं कोंबलेली, जादा वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत, पाऊस आला की छत गळणार. त्याच दिवशी मुलं संपावर गेली.

त्यांची मागणी आधी फक्त चांगल्या इमारतीची होती. वकिलांशी बोलणं झालं आणि ती वर्णानुसार वेगळ्या शाळा बंद करण्यावरच येऊन ठेपली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं अशा शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्या निकालात एकत्र केलेल्या खटल्यांपैकी एक या मुलांचा होता.

शाळेत मुलांनी चर्चा चालवणं म्हटलं की मला हा पडदा आठवतो. तिथे विषय मुलांनीच निवडला होता आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

मुलांना बोलू द्यावं, हे त्याआधीही काहींना पटलं होतं. पोलंडमधले डॉक्टर यानुश कोर्चाक यांनी वॉर्सातल्या अनाथाश्रमात मुलांचं न्यायालय आणि संसद चालवली. न्यायालयाच्या नियमावलीतली बहुतेक कलमं माफ करण्याचीच होती, आणि खुद्द कोर्चाक यांच्यावरही मुलांनी खटले भरले. १९२६ साली त्यांनी सुरू केलेल्या वृत्तपत्र-पुरवणीत मजकूर मुलांचाच असे. इंग्लंडच्या समरहिल शाळेत सभेत मुलाचं मत आणि शिक्षकाचं मत सारखंच मोजलं जाई. तरी या सभांमध्ये बोलणं मुख्यतः घरच्या कारभाराचं : भांडणं, नियम, झोपायची वेळ.

बाहेरचं जग आत आलं की शाळांना घाम फुटायचा. डिसेंबर १९६५ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधून आलेल्या मुलांना अमेरिकेतल्या डी मॉइन शहरातल्या शाळांनी घरी पाठवलं. १९६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी मुलांच्या बाजूनं कौल दिला. २० नोव्हेंबर १९८९ ला संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार आला. त्याचं १२वं कलम मुलाला त्याच्याशी संबंधित सर्व बाबींत मत मांडण्याचा हक्क देतं. मात्र त्या मताला महत्त्व द्यायचं ते वय आणि परिपक्वता पाहून. ही परिपक्वता ठरवणारे मोठेच, त्यामुळे पळवाट तिथेच राहिली.

शिक्षकानं काय करायचं, याचं नेमकं उत्तर मला जर्मनीत सापडतं. १९७६ साली बॉइटल्सबाख गावी झालेल्या बैठकीतून तीन तत्त्वं पुढे आली. शिक्षकानं आपलं मत मुलांवर लादू नये. समाजात जे वादग्रस्त आहे, ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावं. आणि मुलाला स्वतःची परिस्थिती तपासता यावी, ती बदलण्याचे मार्ग शोधता यावेत. दुसरं तत्त्व वाचायला सोपं, पाळायला फार अवघड. आपल्याला मनापासून पटलेली बाजू आणि न पटलेली बाजू सारख्याच ताकदीनं मांडायची, तीही पंधरा वर्षांच्या मुलांसमोर, जी आपल्या चेहऱ्यावरूनच आपलं मत ओळखतात.