गिटारचा १२ इंची स्पीकर आणि डीजेचा १२ इंची स्पीकर, हे एक नाहीत ना भाऊ

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा सीझन दिवाळीनंतर लागतो. त्याच्या आधी वडसा-ब्रम्हपुरीकडे ऑर्केस्ट्रावाल्यांचं जुनं सामान बाहेर निघतं आणि त्यात कधीकधी गिटारचा जुना कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचा लाकडी डबा, सापडतो, कोणाच्या तरी काकानं नागपूरवरून आणलेला. रेक्झिन फाटलेलं, समोरचं कापड कुजलेलं, कोपऱ्यात उधई. हे सगळं निस्तरता येतं. घोळ होतो तो आतल्या स्पीकरात. जळाला म्हणून पोट्टे साउंडवाल्याकडून १२ इंची स्पीकर आणून ठोकतात, भोक जुळतं, स्क्रू जुळतात, आवाजही येतो, आणि मंग विचारत फिरतात की गिटारचा आवाज असा मेलेला काहून येऊन राहिला बा.

तं पहिले हे डोक्यात घ्या की दोघांचं काम उलटं आहे. साउंडचा स्पीकर इमानदार असावा लागतो, तबला दिला तर तबला, निवेदकाचा आवाज दिला तर तोच आवाज, आपल्या पदरचं काही टाकायचं नाही. गिटारचा स्पीकर मुद्दाम बेइमान बनवलेला असतो. पातळ कागदाचा कोन, म्हणजे समोरचा हलणारा पडदा, त्याची कडाही बहुतेक वेळा त्याच कागदाची घड्या पाडलेली, ताठ. जोरात वाजवलं की कोन स्वतःच थरथरतो, वाकतो आणि आवाजात आपला रंग भरतो. सेलेशन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचा गिटारसाठीचा ग्रीनबॅक घ्या, २५ वॅटचा, त्याची रेंज साधारण ७५ ते ५००० हर्ट्झ. बस, त्याच्या वर जवळपास काही नाही, बारीक, चिरक्या आवाजासाठीचा ट्विटर नाही, हॉर्न नाही. कमी वाटते ना? पण गिटारची सगळ्यात जाड मोकळी तार ८२ हर्ट्झवर वाजते, त्यामुळे खालचं जास्त लागतच नाही, आणि वर डिस्टॉर्शनचा, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजाचा, जो कचरा असतो तो या स्पीकरातून बाहेरच पडत नाही. तोच डिस्टॉर्शन सरळ हॉर्नवाल्या साउंडच्या बॉक्समधून काढून पाहा, मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं ऐकू येते. हॉर्न नसलेला नुसता डीजेचा वूफर टाकला तर उलटं, २ ते ४ हजारच्या आसपास गिटारला जी धार पाहिजे तीच गायब, घोंगडीखालून वाजवल्यासारखं.

याच्याच उलटी चूक पण लय जण करतात, गिटारच्या कॅबिनेटमध्ये बास गिटार नाहीतर ऑक्टापॅडचा किक घालतात. बासची खालची तार ४१ हर्ट्झ. गिटारच्या स्पीकरची कॉइल, म्हणजे कोनाला मागून जोडलेली तारेची गुंडाळी, मागेपुढे फारशी हलायला बनलेलीच नाही, ती जागा सोडते, घासते आणि गेली. जुने स्पीकर बरेचदा असेच मेलेले असतात.

आता वॅट. "४०० वॅटचा टाकला, आता दणका येईल" हे ऐकलं की मले हसू येते. वॅट म्हणजे स्पीकर किती सहन करतो ते, किती जोरात वाजतो ते नाही. जोर पाहायचा असेल तर सेन्सिटिव्हिटी पाहा, म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. सेलेशन व्हिंटेज ३० चा आकडा १०० आहे. तुमच्या भारी वूफरचा ९४ असेल तं ६ डेसिबलचा फरक पडला, म्हणजे तेवढाच आवाज काढायला चौपट पॉवर लागेल. ३० वॅटचा अँप बिचारा साडेसात वॅटचा होऊन बसला.

ओळखायचं कसं? कोनाची कडा बोटानं दाबा. कापडाची, जाडजूड लाटा असलेली किंवा रबराची असेल आणि कोन आरामात आत-बाहेर जात असेल तर तो साउंडचा. कागदाची, कडक, थोडासाच हलणारा असेल तर बहुतेक गिटारचा. मधली डस्ट कॅप, म्हणजे कॉइल झाकणारी गोल टोपी, तीही पाहा, गिटारवाल्यात कॉइल साधारण दीड-पावणेदोन इंचाची असते, डीजेवाल्यात अडीच-तीन-चार. पण मागच्या लेबलवर अजिबात जाऊ नका. कारण आपल्याकडे रिकोनिंग, म्हणजे जुन्या स्पीकरात नवा कोन-कॉइल बसवणं, गल्लीगल्लीत होते आणि मेकॅनिकजवळ जो किट असेल तोच तो बसवतो, म्हणजे वरून चुंबक अन् फ्रेम सेलेशनची आणि आत कोन डीजेचा. नाव विलायती, गळा डीजेचा. जुनं सामान विकत घेताना समोरचं कापड काढून कोन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

ओहमकडे, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्या आकड्याकडे, लोक पाहतच नाहीत. मार्शलसारख्या चार स्पीकरच्या जुन्या कॅबिनेटात १६ ओहमचे चार स्पीकर सिरीज-पॅरलल, म्हणजे दोन-दोन एकामागे एक आणि त्या दोन जोड्या समांतर, जोडून एकूण पुन्हा १६ च येतात, आणि बाजारातला साउंडचा स्पीकर बहुतेक ८ चा मिळतो. एक जरी ८ चा घुसवला तर पॉवरची वाटणी बिघडते. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अँप असेल तर लोड, म्हणजे ओहमचा हा आकडा, चुकवू नका, आणि स्पीकर न जोडता तर तो वाजवूच नका, ट्रान्सफॉर्मर उडतो. मीटरवर ८ चा स्पीकर ६-७ दाखवतो, १६ चा १२-१४, त्याला खराब समजू नका.

एका ठिकाणी मात्र साउंडचाच स्पीकर बरोबर आहे. तुम्ही गिटारचा प्रोसेसर, म्हणजे इफेक्ट देणारं डिजिटल यंत्र, वापरत असाल आणि त्यात कॅबिनेटचा इफेक्ट चालू असेल, तर गिटारच्या स्पीकरचं काम त्यानं आधीच करून टाकलेलं असतं, सरळ मिक्सरमध्ये द्या. तोच इफेक्ट चालू ठेवून गिटारच्या कॅबिनेटमध्ये दिलं तर दोनदा गाळल्यासारखं होऊन आवाज चिखल होतो.

लाकडाचं म्हणाल तर पावसाळ्यात फुगलेला पार्टिकल बोर्ड फेकून द्या, चांगली प्लाय लावा, रेक्झिन सीट कव्हरवाल्याकडे मिळते. समोरचं कापड घेताना तोंडानं फुंकून पाहा, हवा आरपार गेली पाहिजे. आणि मूळ कोनाला नुसती चीर असेल तर रिकोनिंगला देऊच नका, पातळ टिश्यू पेपरचा तुकडा पाणी घातलेल्या फेविकॉलनं चिकटवा, जास्त थापू नका, कोन जड झाला की आवाज बदलतो. कॉइलच जळाली असेल तेव्हाच दुकान गाठा, अन् तिथं पहिले विचारा, कागदी कडेचा गिटारचा कोन आहे का, नसेल तर स्पीकर परत घेऊन या.