नेटवर्क कार्डांचे टीमिंग आणि फेलओव्हर

व्हर्च्युअलायझेशन होस्टवरची (अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणाऱ्या सर्व्हरवरची) दोन किंवा अधिक नेटवर्क कार्डे एकाच आभासी स्विचला (व्हीएमना नेटवर्कशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या स्विचला) जोडणे म्हणजे टीमिंग. त्यांतले एक बंद पडल्यावर त्याची वाहतूक दुसऱ्याने उचलणे म्हणजे फेलओव्हर. एका होस्टवर वीस व्हीएम असतील आणि केबल एकच असेल, तर ती निसटली की वीसही व्हीएम एकदम गायब होतात.

नागपुरात ही गोष्ट मे महिन्यात चांगली कळते. नवतपात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी धंतोलीतल्या एखाद्या रुग्णालयाची जिन्याखालची सर्व्हर खोली एकाच एसीच्या भरवशावर असेल, तर आधी मान टाकतो तो बहुधा कोपऱ्यातला स्वस्त स्विच. होस्टच्या दोन्ही केबल त्याच स्विचमध्ये खोचलेल्या असतील, तर टीमिंग केले काय नि न केले काय, सारखेच. एका कार्डाचे दोन पोर्ट वापरले तरी तीच गत, कारण कार्ड जळले की दोन्ही पोर्ट जातात. म्हणून एक अपलिंक (होस्टमधून स्विचकडे जाणारी जोडणी) मदरबोर्डवरच्या पोर्टातून, दुसरी वेगळ्या कार्डातून घ्यावी आणि दोन्ही वेगळ्या स्विचना जोडाव्यात. ते स्विचही एकाच यूपीएसवर नसलेले बरे.

व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या होस्ट सॉफ्टवेअरमध्ये कार्डे सक्रिय, राखीव किंवा न वापरलेली अशी लावता येतात. वाहतूक वाटण्याची मूळ पद्धत व्हीएमच्या आभासी पोर्टवर ठरते. प्रत्येक व्हीएमच्या वाट्याला एक कार्ड येते आणि भौतिक स्विचवर वेगळे काही करावे लागत नाही. १ गिगाबिटची दोन कार्डे जोडली की एकट्या व्हीएमला २ गिगाबिट मिळतील, असे ग्राहकाला सांगणारे विक्रेते भेटतात. या पद्धतीत तसे होत नाही. आयपी हॅश पद्धतीत (दोन टोकांच्या आयपी पत्त्यांवरून कार्ड निवडणाऱ्या) एक व्हीएम दोन्ही कार्डे वापरू शकते, पण त्यासाठी स्विचवर स्टॅटिक पोर्ट चॅनल, म्हणजे अनेक पोर्ट हाताने एकत्र बांधून केलेली एकच जोडणी, लागते. ते करायचे राहिले, तर एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) कधी या पोर्टवर, कधी त्या पोर्टवर दिसू लागतो आणि स्विच गोंधळतो. एलएसीपी (दोन्ही टोकांनी आपसात बोलून पोर्ट एकत्र बांधण्याची पद्धत) हवे असेल तर वितरित स्विच, म्हणजे अनेक होस्टवर पसरलेला एकच आभासी स्विच, लागतो. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये विंडोज सर्व्हर २०१६ पासून टीमिंग आभासी स्विचमध्येच अंतर्भूत आहे आणि त्यात ८ कार्डांपर्यंत जोडता येतात. लिनक्सवर हेच काम बाँडिंग करते. लहान ठिकाणी त्यातला एक चालू, एक राखीव हा साधा मोड पुरतो.

बिघाड ओळखण्याची नेहमीची खूण म्हणजे पोर्टची लिंक गेली की नाही. स्विचच्या पलीकडची केबल तुटली तर होस्टला मात्र सगळे आलबेल दिसते. बीकन प्रोबिंग (कार्डांनी एकमेकांना चाचणीची पाकिटे पाठवत राहणे) ही उणीव भरून काढते, पण त्याला किमान तीन कार्डे लागतात. दोनच असली तर दोष नेमका कुणात, हे ठरत नाही.

खरी गंमत फेलबॅकमध्ये, म्हणजे बंद पडलेली वाट सुरू झाल्यावर वाहतूक तिच्यावर परत नेण्यात आहे. स्विच परत चालू झाला की पोर्टचा दिवा लगेच लागतो, पण स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये पाकिटे गोल फिरत राहू नयेत म्हणून स्विच पाळतात तो नियम) त्या पोर्टला साधारण ३० सेकंद वाहतूक करू देत नाही. होस्ट दिवा पाहून तिकडे वळतो आणि पाकिटे विहिरीत पडतात. म्हणून स्विचच्या होस्टकडच्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट न पाहता पोर्ट लगेच सुरू करणारी सोय) चालू ठेवावे किंवा फेलबॅकच बंद करावे.

चाचणी रविवारी रात्री करावी. एखाद्या व्हीएमला पिंग (ती उत्तर देते का, हे सतत विचारणारी आज्ञा) लावून ठेवायचे, रॅकमागे जाऊन पहिली केबल उपटायची. एखाददुसरे उत्तर हुकून पिंग पुन्हा सुरू झाले, तर ठीक. ती लावून दुसरी उपटायची. हे बरेच जण करत नाहीत. शेवटी एका स्विचची वीजच काढायची, पाच मिनिटांनी परत द्यायची आणि तो उठेपर्यंत पिंगवरून नजर हलवायची नाही. पोर्टफास्ट राहून गेले असेल, तर केबल नुसती उपटून न दिसणारी ती ३० सेकंदे केबल परत लावताना आणि इथे दिसतात.