मधुमेह व अंतःस्रावी विकार : रुग्णालयीन प्रशिक्षण

रुग्णालयातील परिचारिका, निवासी डॉक्टर, औषधनिर्माते व आहारतज्ञ यांना मधुमेहाच्या, तसेच अवटू (थायरॉइड), अधिवृक्क (मूत्रपिंडावरील ॲड्रिनल), पोष (पिट्युटरी) इ. ग्रंथींच्या विकारांच्या रुग्णांची देखभाल कशी करावी, याचे प्रत्यक्ष कक्षात दिले जाणारे शिक्षण.

या शिक्षणाचा आरंभ केव्हा झाला, याविषयी एकमत नाही. बॉस्टनचे वैद्य एलियट जॉस्लिन यांनी 1918 मध्येच डॉक्टर व रुग्ण या दोघांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली होती व पुढे खास तयार केलेल्या परिचारिका त्यांनी रुग्णांच्या घरी धाडल्या. म्हणून काही अभ्यासक आद्यत्वाचा मान त्यांना देतात. दुसऱ्या मतानुसार टोरांटो येथे 11 जानेवारी 1922 रोजी लेनर्ड टॉमसन या मुलास इन्शुलिन टोचले गेले, तेथून हा विषय सुरू होतो. जॉस्लिन यांचा भर प्रामुख्याने रुग्णशिक्षणावर होता, तर मात्रा मोजणे, ती टोचणे व शर्करा उतरल्यास तत्काळ उपाय करणे ही सेवकवर्गाची कामे इन्शुलिननंतरच उद्भवली. त्यामुळे प्रस्तुत विषयापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. इंग्लंडमधील लेस्टर येथे जोन वॉकर यांनी 1950 च्या सुमारास गृहभेटी देणाऱ्या आरोग्यसेविकांना मधुमेहाच्या कामी नेमले. विशेषज्ञ परिचारिकेच्या पदाचे मूळ बहुधा तेथे आहे. भारतात एम. विश्वनाथन यांनी 1948 मध्ये मद्रासच्या स्टॅन्ली रुग्णालयात मधुमेह चिकित्सालय सुरू केले.

भारतीय कक्षांत इन्शुलिनच्या तीव्रतेचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. येथे प्रतिमिलिलिटर 40 एकके असलेल्या कुप्या अद्याप सर्रास वापरात असून पेनमधील (इन्शुलिन टोचण्याच्या लेखणीसारख्या साधनातील) इन्शुलिन सामान्यतः 100 एककांचे असते. पहिल्यासाठी लाल टोपणाची, तर दुसऱ्यासाठी नारिंगी टोपणाची सिरिंज असते. 100 एककांचे इन्शुलिन 40 एककांच्या सिरिंजने खुणेबरहुकूम भरल्यास रुग्णास अडीचपट मात्रा जाते. उलट अदलाबदलीत दोनपंचमांशच मिळते. पहिली चूक जिवावर बेतू शकते, म्हणून कुपी व सिरिंज दोन्हींवरील आकडा दोन परिचारिकांनी स्वतंत्रपणे वाचण्याची सवय लावणे हे या प्रशिक्षणातील सर्वांत मोलाचे काम होय. पेनच्या कोषातून (कार्ट्रिजमधून) सिरिंजने इन्शुलिन काढू नये, हा नियमही यासाठीच आहे.

रक्तशर्करा प्रतिडेसिलिटर 70 मिग्रॅ. खाली गेल्यास शुद्धीवरील रुग्णास सु. 15 ग्रॅ. ग्लुकोज देऊन 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी करतात. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालत नाहीत, त्यास शिरेतून ग्लुकोज देतात. बेल्जियममधील लूव्हेन येथील 2001 च्या अभ्यासानंतर अतिदक्षता विभागांत शर्करा अगदी प्राकृत पातळीवर ठेवण्याचा आग्रह वाढला होता. परंतु 2009 मधील नाइस-शुगर चाचणीत अशा काटेकोर नियंत्रणाने मृत्यूंचे प्रमाण वाढलेले आढळले. तेव्हापासून बहुतेक गंभीर रुग्णांसाठी 140 ते 180 मिग्रॅ. ही मर्यादा शिकविली जाऊ लागली. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात रुग्ण उपाशी असला, तरी त्याचे मूलभूत (जेवणाशी निगडित नसलेले, सतत लागणारे) इन्शुलिन पूर्णपणे थांबवू नये, हे शस्त्रक्रिया कक्षातील सेवकांना आवर्जून सांगावे लागते.

इतर ग्रंथींच्या विकारांना अभ्यासक्रमांत बेताचेच स्थान मिळते. त्यांपैकी अधिवृक्क संकटाची ओळख मात्र अनिवार्य मानली पाहिजे : दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाचे औषध अचानक बंद झाल्यास, किंवा ताप व शस्त्रक्रियेच्या वेळी मात्रा न वाढविल्यास, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी प्रौढ रुग्णास 100 मिग्रॅ. हायड्रोकॉर्टिसोन तत्काळ टोचतात. तपासणीच्या निष्कर्षाची वाट पाहत नाहीत.